वाचकांचे प्रश्न: कोपराला मार लागला आणि स्नायूतच हाड तयार झालं

या वेळी कोपराबद्दल एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. वेगवेगळ्या वयाच्या लोकांनी लिहिलंय, पण दुखणं साधारण एकच. कोपराला मार लागतो, काही आठवड्यांनी पुढच्या बाजूला कडक गाठ लागते, हात अडकतो, आणि एक्सरेत स्नायूच्या जागी हाड दिसतं. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात.

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. खेळताना हातावर पडला आणि कोपर निखळलं. त्याच दिवशी बसवलं, प्लास्टर घातलं, ३ आठवड्यांनी काढलं. काढल्यावर हात सरळ होईना आणि पूर्ण वाकेचना. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं की रोज चोळ आणि ओढून सरळ कर नाहीतर हात असाच राहील, म्हणून मी रोज मालिश करत होते, वजन धरायला लावत होते, तो रडायचा पण त्याच्या भल्यासाठीच चाललंय असं वाटायचं. आता पुढे टणक गाठ आहे आणि हात आधीपेक्षाही कमी हलतो. एक्सरेत स्नायूत हाड तयार होतंय असं सांगितलं. हा कॅन्सरचा प्रकार आहे का? आणि हे माझ्यामुळे झालं का?

उत्तर: ताई, हा कॅन्सर नाही. कोपर निखळल्याचा स्पष्ट इतिहास आहे, गाठ त्याच जागी आहे, एक्सरे बघून डॉक्टरांनी निदान केलंय, त्यामुळे ती भीती मनातून काढा. आणि मालिश, ओढणं, वजन लटकवणं हे सगळं आजपासून बंद. हळूहळू कमी करते वगैरे नको, एकदम बंद.

तुमच्यामुळे झालं का, तर सुरुवात पडल्यावरच झाली होती. कोपराच्या अगदी पुढे, सांध्याला चिकटून ब्रेकियालिस नावाचा स्नायू असतो. दंडाचा जो बेटकुळीवाला स्नायू आपण दाखवतो ना, त्याच्या खाली हा लपलेला असतो आणि सांध्यासमोरून जाताना तो बराचसा मांसलच असतो. कोपर निखळताना हाताची हाडं बहुतेक वेळा मागे सरकतात आणि दंडाच्या हाडाचं टोक पुढे या स्नायूत घुसतं, स्नायू फाटतो, आत रक्त साकळतं, हाडावरचं आवरणही सुटतं. फाटलेल्या स्नायूत दुरुस्तीसाठी ज्या पेशी जमा होतात त्यातल्या काहींना तिथल्या रसायनांमुळे हाड बनवायचा निरोप मिळतो आणि त्या कामाला लागतात. स्नायूत हाड तयार होऊ शकतं हे मार्शल उरिस्ट या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने १९६५ मध्ये दाखवलं, त्याने क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे नवीन हाड तयार झालं. पुढे त्यामागची प्रथिनं सापडली, त्यांना बीएमपी म्हणतात, आणि तुमच्या मुलाच्या स्नायूत आत्ता जे चाललंय त्यात त्यांचाही हात आहे.

आता मालिशचं. जखमी स्नायू रोज चोळला, ओढला की बरे होत आलेले तंतू परत फाटतात, परत थोडं रक्त साकळतं, परत सूज, आणि हाड बनवायचा तो निरोप रोज नव्याने जात राहतो. म्हणून त्याने भर पडली असणार हे मी लपवणार नाही. पण प्लास्टर काढलं त्या दिवशी "कुणालाही चोळू देऊ नका, ओढू देऊ नका" एवढं वाक्य तुम्हाला कुणीतरी ठासून सांगायला हवं होतं. हात आखडलाय म्हणजे ओढून मोकळा करायचा असं कुठल्याही आईला वाटेल. याचं ओझं घेऊन बसू नका.

पुढे काय करायचं ते सांगते. मुलाला समोर बसवा आणि तुमच्या बोटांची मागची बाजू आधी चांगल्या कोपरावर आणि मग दुखऱ्या कोपरावर ठेवा. दुखरं कोपर जास्त गरम लागतंय का? दाबल्यावर कळ येते का? गरम आणि दुखरं असेल तर आतलं काम अजून जोरात चालू आहे असं धरा, मग काही दिवस हात झोळीत किंवा स्प्लिंटमध्ये आरामात ठेवायचा, बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. शेक नको. दुखणं आणि गरमपणा उतरला की व्यायाम सुरू करायचा पण तो मुलाने स्वतः करायचा, स्वतःच्या ताकदीने, जिथपर्यंत दुखत नाही तिथपर्यंत, दिवसातून ५-६ वेळा थोडा थोडा. त्याच्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको, तुमचाही नाही. दप्तर दुसऱ्या खांद्यावर. सूज कमी करणारी इंडोमेथॅसिनसारखी औषधं काही वेळा देतात, पण मुलाचं वय, वजन, पोट, किडनी बघून डॉक्टरांनीच ठरवायचं, घरातली गोळी अर्धी करून देऊ नका.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना मुद्दाम विचारा. या वयात कोपर निखळताना आतल्या बाजूचा हाडाचा छोटा उंचवटा तुटू शकतो आणि कधी कधी सांधा बसवताना तो तुकडा सांध्यात अडकून राहतो, एक्सरेत तो चटकन लक्षात येत नाही. हात अडायचं कारण तो तुकडा असेल तर उपाय वेगळा आहे आणि तिथे वाट बघून चालत नाही. तो अडकलेला नाही एवढी खात्री करून घ्या.

आणि धीर धरा. मुलांमध्ये असं हाड बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप लहान होतं, कधी कधी जवळजवळ विरून जातं. दर १५ दिवसांनी एक्सरे काढून बघत बसायची गरज नाही, डॉक्टर साधारण दीड-दोन महिन्यांनी बोलावतील तेवढं पुरे. आणि हो, प्लास्टर: साध्या निखळलेल्या कोपराला, म्हणजे हाड तुटलेलं नसेल आणि सांधा बसल्यावर स्थिर असेल तर, हल्ली १ ते २ आठवड्यांतच हलवायला सुरुवात करतात कारण जास्त दिवस बांधून ठेवलं की कोपर आखडतंच. तुमच्या मुलाला ३ आठवडे का ठेवलं याला कारण असू शकेल, पण पुढे कुणाला असं झालं तर विचारायला हवं.

प्रश्न: कॅल्शियम जास्त झाल्याने स्नायूत हाड होतं का? फ्रॅक्चरनंतर दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मी घाबरून बंद केल्यात.

उत्तर: परत सुरू करा, डॉक्टरांनी दिल्या असतील तर. रक्तातलं कॅल्शियम या आजारात सहसा नॉर्मलच असतं, गडबड त्या जखमी जागेपुरती असते. गोळ्या थांबवल्याने स्नायूतलं हाड थांबणार नाही.

प्रश्न: माझं वय २६. व्यायाम करताना बार कोपराच्या वर दंडावर आदळला, मुका मार होता म्हणून दुर्लक्ष केलं. ३ आठवड्यांनी गाठ आली, दुखते. एक्सरे नॉर्मल. एमआरआय केला तर रिपोर्टमध्ये स्नायूभर सूज आणि "ट्यूमर नाकारता येत नाही" असं लिहिलंय. घरात सगळे रडतायत. लगेच बायोप्सी करू का?

उत्तर: मित्रा, तू लिहिलेली तारीखच महत्त्वाची आहे, ३ आठवडे. या आजारात पहिले २-३ आठवडे एक्सरे नॉर्मल असणं नेहमीचंच आहे. ३ ते ४ आठवड्यांच्या आसपास धूसर पांढुरकं काहीतरी दिसायला लागतं, आणि ६ ते ८ आठवड्यांत गाठीच्या कडेने पांढरी रेघ उठून दिसते, अंड्याच्या कवचासारखी, मध्यभाग मात्र अजून काळसरच. एमआरआय या सुरुवातीच्या काळात घाबरवतोच कारण गाठीच्या आजूबाजूच्या स्नायूतही भरपूर सूज दिसते, त्यामुळे रेडिओलॉजिस्टने ते वाक्य लिहिलं यात त्याची चूक नाही, तुला मार लागला होता हे त्याला कुणी सांगितलं होतं का हा प्रश्न आहे. फॉर्मवर नुसतं "दंडावर गाठ" लिहून पाठवलं की असा रिपोर्ट येतो.

बायोप्सीची घाई का नको ते नीट सांगते. पक्व होणाऱ्या या गाठीत बाहेरचा थर पक्कं हाड असतो, त्याच्या आत कच्चं हाड, आणि अगदी मध्यभागी भराभर वाढणाऱ्या पेशी. सुई नेमकी मध्यभागी गेली आणि तेवढाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर अनुभवी माणसालाही तो हाडाचा कॅन्सर वाटू शकतो. खऱ्या ऑस्टिओसारकोमात क्रम उलटा असतो, मध्ये दाट आणि कडेला कच्चं. त्यामुळे तुझ्या बाबतीत ३-४ आठवडे थांबून सीटी स्कॅन करणं बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण ती कडेची रेघ सीटीवर सगळ्यात स्वच्छ दिसते. सोनोग्राफीनेही कधी कधी लवकर कळतं.

पण थांबणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. दुखणं कसं बदलतंय ते बघ. मारामुळे झालेली गाठ पहिले काही आठवडे दुखते, मग ठणका कमी होतो, गाठ टणक होते, आकार थांबतो. याउलट ठणका आठवड्यागणिक वाढतोय, रात्री झोपेतून उठवतोय, २ महिन्यांनंतरही गाठ वाढतेच आहे, वजन उतरतंय, किंवा मुळात तो मार इतका किरकोळ होता की गाठ लक्षात आल्यावरच आठवला, असं असेल तर थांबायचं नाही, हाडांच्या ट्यूमरचं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जायचं. बायोप्सी करायचीच ठरली तर ती पुढचं ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच करावी, सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढच्या ऑपरेशनच्या हिशोबाने ठरतं. आणि सोबत मार लागल्याची तारीख लिहून दे, पॅथॉलॉजिस्टला तिचा फार उपयोग होतो.

प्रश्न: मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. आम्हाला शिकवतात की आखडलेल्या कोपराला जोरात स्ट्रेच करायचं नाही. पण वॉर्डमध्ये पेशंटचे नातेवाईकच म्हणतात "जरा जोर लावा, असं कसं सुटेल". नेमका किती जोर म्हणजे जास्त?

उत्तर: तुझा प्रश्न मला फार आवडला कारण खरी अडचण तिथेच आहे, पुस्तकात "सौम्य" लिहिलेलं असतं आणि समोर नातेवाईक उभे असतात.

माझा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळचा. व्यायामानंतर थोडं ओढल्यासारखं वाटलं आणि तासाभरात गेलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी कोपर कालच्यापेक्षा सुजलंय, गरम आहे, गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर) ५-१० अंश कमी भरतंय, तर काल जोर जास्त झाला, आज आराम आणि बर्फ. रोज एकाच वेळी, व्यायामाच्या आधी कोन मोज आणि वहीत लिही. नातेवाईकांना ती वही दाखव, "जोर लावल्यावर कमी झालं बघा" हे आकड्यात दिसलं की ते स्वतःच थांबवतात, समजावून सांगून एवढा फरक पडत नाही.

पेशंट स्वतः हलवतो तो व्यायाम मुख्य, दुसऱ्या हाताने हलका आधार देऊन केलेला चालतो. सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे हाड कच्चं आणि गरम असताना, बाहेरून जोर लावून स्ट्रेचिंग नाहीच. भूल देऊन हात जबरदस्तीने मोकळा करायचा प्रकार तर अशा कोपरात अजिबात नको. नंतर थंड पडलेल्या कोपराला स्क्रूने हळूहळू कोन वाढवणारा स्प्लिंट देतात, त्यात ताण कमी असतो पण बराच वेळ टिकतो आणि स्क्रू पेशंटच्या हातात असतो, त्यामुळे तो सोसवेल तेवढाच फिरवतो.

आणि ध्येय पेशंटला पहिल्याच दिवशी सांग. मेयो क्लिनिकमधल्या मॉरे आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं की रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत हललं आणि तळहात वर-खाली ५०-५० अंश फिरला तरी भागतं. मोबाईल कानाला लावायला १३० पेक्षा थोडं जास्त लागतं, एवढी भर आजच्या काळात घालावी लागेल. पूर्ण सरळ हात हा बऱ्याच जणांचा हट्ट असतो, पण शेवटच्या १५-२० अंशांसाठी आधी मिळवलेलं घालवायचं नाही.

प्रश्न: वय ३८. फ्रॅक्चर आणि निखळणं दोन्ही झालं होतं, प्लेट टाकली. आता ८ महिने झाले, कोपर ६० ते ९० एवढंच हलतं, करंगळीला मुंग्या येतात. एक डॉक्टर म्हणतात दीड वर्ष थांबा, दुसरे म्हणतात आत्ता हाड काढू. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचं म्हणणं कुठून आलंय ते सांगते. कच्चं हाड काढलं तर ते परत येतं ही भीती खरी आहे, त्यामुळे पूर्वी १२ ते १८ महिने थांबायची पद्धत होती, हाड पूर्ण शांत झालंय का हे बघायला बोन स्कॅन करायचे, हाड बनत असताना रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज उतरायची वाट बघायचे. पण तेवढे दिवस सांधा अडकून राहिला की कॅप्सूल म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू आखडतात, कूर्चाही खराब होते, मग हाड काढूनही फायदा कमी मिळतो. म्हणून कोपराच्या बाबतीत हल्ली बरेच सर्जन ४ ते ६ महिन्यांनंतर, एक्सरेत हाडाची कड स्पष्ट आणि आकार स्थिर दिसत असेल, त्वचा आणि सूज शांत असेल, तर ऑपरेशन करतात.

तुमच्याकडे फक्त ३० अंशांची हालचाल आहे, त्यात तोंडापर्यंत हात पोचत नसणार, आणि ८ महिने झालेत. त्यात करंगळीच्या मुंग्या. कोपराच्या आतल्या बाजूने अल्नार नावाची नस जाते, नवीन हाड तिला दाबत असेल तर हाताच्या पंज्यातले बारीक स्नायू सुकायला लागतात आणि ते भरून येणं अवघड असतं. अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग दोन्ही हातांत सारखा आहे का ते आजच बघा, तिथे खड्डा पडायला लागला असेल तर दीड वर्ष थांबायचा विषयच नाही. नसेची तपासणी आणि सीटी करून घ्या, त्रिमितीय सीटीवर हाड नसेपासून किती लांब आहे ते कळतं. मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या डॉक्टरांना नस मोकळी करणार का, प्लेट काढणार का, आणि अशी कोपरं ते नेहमी करतात का एवढं विचारून पुढे गेले असते.

ऑपरेशननंतर हाड परत येऊ नये म्हणून काही आठवडे इंडोमेथॅसिन देतात, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. दुसरा मार्ग रेडिएशनचा, बहुतेक वेळा एकच छोटा डोस, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून ते नंतरच्या ७२ तासांत. ते जुनं हाड काढताना ठीक, पण ताज्या फ्रॅक्चरला लगेच रेडिएशन देण्याचा कोपरावरचा एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला, कारण रेडिएशन दिलेल्यांत फ्रॅक्चर न जुळण्याचं प्रमाण जास्त निघालं. वाढीच्या वयातल्या मुलांना तर हा मार्ग टाळतातच. व्यायाम सहसा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो आणि पुढचे ३ महिने दुसरं काही महत्त्वाचं काम हातात घेऊ नका, टेबलवर मिळालेली हालचाल टिकवायचं काम तुमचं आहे.

प्रश्न: माझ्या भावाला डोक्याला मार लागून तो महिनाभर आयसीयूत होता. कोपराला काहीच लागलं नव्हतं तरी आता दोन्ही कोपरं अडकलीत आणि हाड आलंय म्हणतात. हे कसं शक्य आहे?

उत्तर: दादा, शक्य आहे आणि दुर्मिळही नाही. मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला मोठी इजा झाली की सांध्यांभोवती असं हाड तयार होऊ शकतं, खुब्यात सगळ्यात जास्त, कोपर, खांदा, गुडघ्यातही. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये देझरीन आणि सेलिये या डॉक्टरांनी १९१८ मध्ये याचं वर्णन केलं होतं. सुरुवात साधारण ३ ते १२ आठवड्यांत होते आणि पेशंट बोलत नसतो म्हणून कळत नाही, कोपर गरम लागणं, लाली, थोडा ताप, आणि काल जेवढं हलत होतं तेवढं आज न हलणं एवढ्याच खुणा. जंतुसंसर्ग किंवा शिरेतली रक्ताची गाठ समजून गोंधळ होतो. कोपरात हे हाड बऱ्याचदा मागच्या बाजूला असतं, अल्नार नसेच्या जवळ, म्हणून त्याच्या बोटांची ताकद बघत राहायला सांगा. रोज हळुवार हालचाल चालू ठेवायचीच, ती बंद केली तर सांधा लवकर गोठतो, फक्त ताठरलेल्या हाताशी झटापट नको. ऑपरेशनचा विचार तो स्वतः व्यायाम करू शकेल एवढा सावरला की.

प्रश्न: मी वाचलं की एका आजारात सगळं अंगच हाड होत जातं. माझ्या ४ वर्षांच्या मुलीला पडल्यावर दंडावर गाठ आलीये. तोच आजार असेल का?

उत्तर: तुम्ही वाचलंय तो एफओपी, अतिशय दुर्मिळ जनुकीय आजार, साधारण १० ते २० लाखांत एकाला. त्याला कारण असलेला एसीव्हीआर१ जनुकातला बदल २००६ मध्ये सापडला. घरीच एक गोष्ट बघा: तिच्या पायाचे अंगठे. या आजारात जवळजवळ सगळ्या मुलांचे अंगठे जन्मापासूनच आखूड आणि शेजारच्या बोटाकडे वळलेले असतात. तिचे अंगठे सरळ आणि व्यवस्थित असतील तर ही शक्यता फारच कमी, साधी माराची गाठ म्हणून तिच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठे वेगळे दिसत असतील तर मात्र गाठीची बायोप्सी कुणालाही करू देऊ नका आणि स्नायूत टोचायची इंजेक्शनंही थांबवा, कारण या आजारात सुई टोचल्याच्या जागीही हाड तयार होऊ शकतं. जनुकाची चाचणी रक्तावर होते, तिचा रिपोर्ट येईपर्यंत तिला कोणतंही इंजेक्शन किंवा लस द्यायच्या आधी अंगठ्यांबद्दल डॉक्टरांना सांगा.